चार टाचण्या

आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी निळ्या कापडाचा एक बोर्ड आहे. टाकी कधी धुणार, मेंटेनन्स कुणाचा थकलाय, पाणी किती वाजता जाणार, असल्या चिठ्ठ्या त्यावर लागतात. गेल्या आठ मार्चला मी सेक्रेटरींकडून तो दोन दिवसांसाठी मागून घेतला आणि बायकांनी काढलेली पाच व्यंगचित्रं त्यावर लावली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढून आणल्या, खाली प्रत्येकीचं नाव तिच्या तिच्या लिपीत छापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला उतरले तर मधलं चित्र गायब. कागद ओरबाडलेला नव्हता, कोपराही कुठे अडकून राहिला नव्हता. ज्याने कुणी तो काढला त्याने चारही टाचण्या एकेक करून उपसल्या होत्या आणि रिकाम्या जागेच्या खाली एका ओळीत पुन्हा नीट टोचून ठेवल्या होत्या. लाल, पिवळी, हिरवी, पांढरी.

त्या टाचण्यांचा नीटनेटकेपणा मला फार लागला. कुणी रागाने कागद फाडला असता तर मलाही सरळ रागावता आलं असतं. दिवसभर मी मनात एकेकाला उभं करत होते. चित्र लावताना 'लहान मुलं येतात-जातात इथनं' म्हणणारे तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, चष्मा कपाळावर ढकलून चित्राकडे बघत राहिलेले सेक्रेटरी, इस्त्रीवाला पोरगा. संध्याकाळी न राहवून ग्रुपवर लिहिलं, 'ज्यांना चित्र सोसलं नाही त्यांनी समोर येऊन बोलावं.' त्यावर कुणी काही बोललं नाही. एकीने अंगठा दाखवला, मग कुणीतरी गॅसवाल्याचा नंबर विचारला आणि विषय वर सरकून गेला.

गेलेलं चित्र दुआ अल-अदलचं होतं. इजिप्तच्या 'अल-मसरी अल-यौम' या दैनिकात ती व्यंगचित्रं काढते. हे चित्र २०१३ सालच्या सुरुवातीचं. बाईचे प्रचंड मोठे पाय, इमारतीच्या खांबांसारखे. त्यांच्यामध्ये एक शिडी लावलेली. शिडीवर एक ठेंगणा पुरुष चढलाय, हातात कात्री, आणि वर, दोन पायांच्या मध्ये, एक लाल फूल आहे. तो ते कापतोय. मी हे चित्र पहिल्यांदा पाहिलं ते रात्री उशिरा, अंथरुणात, मोबाईलवर. हसू आलं नाही. माझ्या मांड्या आपोआप जवळ आल्या. काय आहे ते डोक्याला कळायच्या आत शरीराला कळलं होतं: मुलींचा खतना, म्हणजे त्यांच्या जननेंद्रियाचा भाग कापायची चाल. व्यंगचित्र असंही वागू शकतं, हे मला माहीत नव्हतं. त्या रात्रीपासून मी या बाईचं जे मिळेल ते पाहत आणि वाचत गेले.

दुआचा जन्म १९७९ चा, दमिएत्ताचा. नाईल समुद्राला मिळते तिथलं हे गाव, लाकडी फर्निचरसाठी देशभर नाव असलेलं. ती अलेक्झांड्रियाला ललित कला शिकली आणि मग कैरोत वर्तमानपत्रांच्या धंद्यात शिरली. कैरोतल्या व्यंगचित्रांची परंपरा आपल्याइतकीच जुनी आणि खमकी आहे. 'रोझ अल-यूसुफ' हे तिथलं गाजलेलं साप्ताहिक १९२५ साली एका अभिनेत्रीने काढलं, आणि त्याला नावही तिने स्वतःचंच दिलं. या साप्ताहिकाच्या पानांवर इजिप्तचे मोठमोठे व्यंगचित्रकार घडले. मालकीणबाई होत्या, पण कुंचले जवळपास सगळे पुरुषांच्या हातात. दुआ त्या साप्ताहिकातही चित्रं काढायची. व्यंगचित्रासाठी तिथल्या पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार एखाद्या बाईला पहिल्यांदा मिळाला तो २००९ साली, आणि ती बाई म्हणजे दुआ. तिचे फोटो बघितले की डोक्याला रुमाल बांधलेली एक हसरी बाई दिसते. मला ते फार आवडलं. आपल्याकडे बंडखोर बाई म्हटलं की एक ठराविक चित्र डोळ्यांपुढे येतं. दुआ त्यात बसत नाही, आणि बसावं म्हणून ती काही करतही नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये तिच्यावर धर्माचा अपमान केल्याची तक्रार झाली. नव्या राज्यघटनेवर तेव्हा सार्वमत होतं. इजिप्तचे तेव्हाचे अध्यक्ष मोर्सी यांच्या बाजूचे लोक 'हो' म्हणणं हे जणू धर्मकर्तव्य असल्यासारखं सांगत फिरत होते. दुआने चित्र काढलं: आदम, हव्वा आणि पंख लावलेला एक माणूस. तो त्या दोघांना सांगतोय की तुम्ही तेव्हा 'हो' ला मत दिलं असतंत तर स्वर्गातून बाहेर पडायची वेळच आली नसती. इस्लाममध्ये आदम हे पैगंबर मानले जातात, म्हणून एका सलाफी, म्हणजे कट्टर धार्मिक पंथाच्या, वकिलाने थेट सरकारी वकिलांकडे धाव घेतली. देशात राजकारणासाठी धर्म वापरला जातोय एवढंच ती दाखवत होती, पण वापरणारे बाजूला राहिले आणि दाखवणारीच आरोपी झाली. शिडीचं चित्र तिने काढलं ते या तक्रारीनंतर जेमतेम दोनेक महिन्यांत. मी हे पुन्हा पुन्हा तारखा लावून पाहिलं. मानेवर असली तक्रार असताना एखादीने महिनाभर वाहतूक, महागाई, पाऊस असलं काहीतरी काढलं असतं आणि तिला कुणी नावं ठेवली नसती. हिने शिडी काढली.

माझ्या लहानपणी आमच्या घरी दोन-तीन दिवाळी अंक यायचे. फराळाच्या डब्यांचा वास आणि नव्या अंकाच्या शाईचा वास माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलाय. खिडकीचित्रं आधी कोण उघडणार यावरून माझी न् भावाची भांडणं व्हायची. वरच्या पानावर खिडकीतून काहीतरी चावट दिसायचं, पान उलटलं की भलतंच साधं निघायचं. त्या चित्रांतल्या बायका दोन प्रकारच्या. एक गोल गरगरीत, अंबाडा आणि हातात लाटणं. दुसरी सडपातळ, साहेबासमोर वही घेऊन बसलेली. एका संध्याकाळी बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आईला एक विनोद वाचून दाखवत होते, लाटण्याचाच. आई पोळ्या करत होती. ती हसली, मनापासून हसली, आणि पुढची पोळी लाटायला घेतली. मी पाटावर बसून तिच्या हातातलं लाटणं बघत होते. मधे झिजून बारीक झालेलं, एका टोकाला चीर गेलेलं. आईच्या मनगटाच्या आतल्या बाजूला तव्याच्या चटक्याचा एक तपकिरी डाग होता, अर्धचंद्रासारखा, आणि त्याच्यावर पीठ बसलं होतं. इतक्या अंकांत इतकी लाटणी पाहिली, पण तो डाग कुठल्याच चित्रात नव्हता. काढणाऱ्याला तो दिसलाच नसणार. त्याच्या मनात काही वाईट होतं असं मला वाटत नाही, फक्त तो पोळीच्या या बाजूला कधी उभा राहिला नव्हता.

हे मला तेव्हा कळलं नाही. मोठेपणी सुकी भेटली तेव्हा कळलं. मंजुळा पद्मनाभन यांची सुकी, १९८२ मध्ये मुंबईच्या 'संडे ऑब्झर्व्हर'मध्ये आलेली. पिंजारलेले केस, मोठं नाक, कुणाची बायको म्हणून नाही की कुणाची टायपिस्ट म्हणून नाही, आपल्याच विचारांत गढलेली. तेव्हा ती पुष्कळ वाचकांना रुचली नव्हती. मग माया कामत. जन्म मुंबईचा, १९५१ चा, काम बंगळुरूत. घरातल्या गमतीजमतींच्या पट्टीपासून सुरुवात करून त्या दैनिकाच्या राजकीय व्यंगचित्रापर्यंत पोचल्या. पन्नाशीत, २००१ साली त्या गेल्या. त्यांची हजारो चित्रं आता मुंबईत 'स्पॅरो' या बायकांच्या संग्रहालयाने जपून ठेवली आहेत. हजारो म्हणजे रोज एक याप्रमाणे किती वर्षं, याचा हिशोब मी एकदा केला होता. रोज सकाळी पेपर वाचायचा, चीड येऊ द्यायची आणि संध्याकाळपर्यंत त्या चिडीला आकार द्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्या पाच चित्रांत या दोघीही होत्या. त्यांच्याजवळ उभं राहून लोकांनी सेल्फी काढले. दुआसमोरून मात्र लोक जरा भरभर जात होते, हे मी लिफ्टच्या दारातून पाहिलं होतं.

दहा-बारा दिवसांनी दुपारी बेल वाजली. दारात बेन उभ्या होत्या.

बेन आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना बेनच म्हणते, मुलंसुद्धा. दाऊदी बोहरा. यजमानांचं हार्डवेअरचं दुकान होतं, ते गेल्यावर मुलगा सुरतेला स्थिरावला आणि बेन एकट्याच इथे राहिल्या. लेस लावलेला फिकट रिदा, म्हणजे बोहरा बायकांचा सैल पोशाख, हातात नेहमी काहीतरी झाकलेलं, कधी मलिदा, कधी खिचडा. त्यांच्या दारावर नातीने काढलेलं एक घर चिकटवलेलं असतं, त्रिकोणी छपराचं. त्या दिवशी हातात वाटी नव्हती. चार घड्या घातलेला कागद होता.

'ते चित्र मी काढलं गं,' त्या म्हणाल्या.

मराठीत चित्र काढणं म्हणजे रेखाटणंही आणि उतरवणंही. क्षणभर मला खरंच समजलं नाही त्या कशाबद्दल बोलतायत. मग घड्या दिसल्या, आणि ग्रुपवरचा माझा तो मेसेज आठवून माझ्या पोटात खड्डा पडला.

'तू लिहिलंस ना, समोर येऊन बोला. म्हणून आले.'

मी काहीतरी पुटपुटले, असं नव्हतं म्हणायचं वगैरे. त्यांनी ते ऐकलं नाही. सोफ्याच्या कडेवर बसून त्यांनी कागद मांडीवर उलगडला आणि खालच्या अरबी अक्षरांवरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवलं. ती अक्षरं मी नेटवरून नुसती उचलून आणली होती, माझ्यासाठी ती नक्षीच होती. अख्ख्या बिल्डिंगमध्ये ती वाचता येणारी एकच बाई होती, आणि हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. 'दुआ. दुआ अल-अदल,' त्या म्हणाल्या. 'चांगलं नाव आहे. अदल म्हणजे इन्साफ. आपण अदालत म्हणतो ना, ते त्याच्यातूनच.' मी म्हटलं, इजिप्तची आहे. 'हो? मी जाऊन आलेय कैरोला. अल-हाकिम मशिदीत. आमच्या लोकांनीच बांधून काढली ती पुन्हा, पडायला आली होती.' बोहऱ्यांची परंपरा कैरोच्या फातिमी इमामांपासून येते, हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं वेगळं आणि आपल्या सोफ्यावर बसून कुणीतरी त्या मशिदीच्या पांढऱ्या अंगणातल्या उन्हाबद्दल सांगतंय हे वेगळं. पुष्कळ वेळ त्या अंगणाबद्दलच बोलत होत्या. मग गप्प झाल्या.

'हिने शिडीवर पुरुष काढलाय.'

'हो.'

'आमच्यात पुरुषांना काही माहीतही नसतं. माझ्या वेळी फुई होती, माझी आत्या. नवा फ्रॉक घातला मला, आइस्क्रीम खाऊ घातलं आणि भेंडीबाजारात एका बाईकडे घेऊन गेली. दुसरा मजला. फुईनेच हात धरले होते.' त्यांनी कागद पुन्हा घडी केला. 'सगळ्यांत लाडकी होती माझी ती. वारली तेव्हा मी तीन दिवस जेवले नाही.'

आणि मग थोड्या वेळाने, 'खाली उतरले की लिफ्टसमोर ते. वर जाताना ते. तुझं चुकलं नाही. पण मला रोज नाही बघता येणार ते.'

कागद त्यांनी टीपॉयवर ठेवला. 'तुझ्याकडे राहू दे. माझ्या घरात नको.'

त्या गेल्यावर मी किती तरी वेळ तशीच बसून होते. इतके दिवस मी ज्या माणसाला मनातल्या मनात भेकड ठरवत होते, ते माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये ते चित्र सर्वांत नीट समजलेलं होतं. चित्राची घाई मला होती. माझ्या अंगावरून ते एका रात्रीत, शहारा येऊन, निघून गेलं होतं, आणि मग मला ते बोर्डावर हवं होतं, सगळ्यांना दिसायला. बेनच्या अंगावर ते साठ वर्षं होतं. दुआचं चित्र बायकांच्या बाजूचं आहे याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण त्यांच्या बाजूने लावलेली गोष्ट त्यांच्याच वाटेत उभी राहू शकते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि तो शिडीवरचा पुरुष. त्याने मला काही दिवस झोपू दिलं नाही. दुआने पुरुष का काढला असेल? इजिप्तमध्ये आता बहुतेक मुलींवर हे करतात ते डॉक्टर आणि नर्स. २०१४ च्या पाहणीत तिथल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित बायकांपैकी ९२ टक्के बायकांवर हे झालेलं होतं. कायद्याने बंदी येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. हे चित्र छापून आलं त्याच वर्षी जूनमध्ये, नाईलच्या मुखाकडल्या भागात, १३ वर्षांची एक मुलगी हे करताना डॉक्टरच्या टेबलावर दगावली. त्या डॉक्टरला शिक्षा झाली जानेवारी २०१५ मध्ये, आणि असल्या गुन्ह्यात तिथे झालेली ती पहिलीच शिक्षा. चित्राने त्या मुलीला वाचवलं नाही. चित्राकडून मी तशी अपेक्षा करत होते का? बहुधा करत होते.

हात कुणाचाही असो, हे सगळं चाललंय ते कुठल्या तरी भावी नवऱ्याच्या समाधानासाठी, असं मानलं तर शिडीवर पुरुषच हवा. दुआचं मला इथवर पटतं. पण बेनच्या डोळ्यांसमोरची शिडी वेगळी आहे. तिच्यावर फुई आहे, जी लाड करायची, जिच्यावर तिच्या लहानपणी कुणीतरी असंच प्रेमाने हात ठेवला होता. ती शिडी कुणी काढायची? बाहेरच्या कुणी ती काढली तर तो एका समाजावर रोखलेला दगड होतो, आणि आपल्याकडे असे दगड झेलायला बसलेले हात फार आहेत. आतल्या बाईने काढायची तर तिला आपल्या लाडक्या माणसाचाच चेहरा काढावा लागेल. आपल्याकडे खतन्याविरुद्ध पहिला जाहीर आवाज याच समाजातल्या बायकांनी उठवला. प्रकरण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं, पुढच्या वर्षी मोठ्या खंडपीठाकडे सोपवलं गेलं. तिथे याच समाजातल्या दुसऱ्या बायका, ही आमची श्रद्धा आहे, असं सांगत समोर उभ्या राहिल्या. दोन्हीकडे बायकाच. दोन्हीकडे कुणाची तरी फुई असणार.

माझा राग मात्र गेला नाही. बेनबद्दलचा गेला, त्या दुसऱ्या मजल्याबद्दलचा वाढला. आधी तो इजिप्तवर होता, लांबवर, चित्राच्या आकाराचा. आता त्याला नव्या फ्रॉकचा आणि आइस्क्रीमचा वास येतो.

मे महिन्यात बेनची सून आणि नात सुरतेहून आल्या. नात पहिली संपवून दुसरीत गेलेली, पुढचे दोन दात पडलेले. दिवसभर पार्किंगमध्ये खडूने चित्रं काढायची, स्कूटरच्या चाकांमधून वाट काढत. त्रिकोणी छपराची घरं, प्रत्येक घराला धूर. वॉचमनने पाणी मारलं की पुन्हा पहिल्यापासून. तिला बघून मला जे वाटायचं ते मी कुणाशी बोलले नाही. बेनला विचारायचा मला अधिकार नव्हता, आणि न विचारताही राहवत नव्हतं. दोनदा वरच्या मजल्यापर्यंत जाऊन मी बेल न वाजवता परत आले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेनच खाली आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. खालून पोरांचा कालवा येत होता, त्यात नातीचा आवाज त्यांना वेगळा ऐकू येत असावा, कारण बोलताना त्यांचं अर्धं लक्ष तिकडे होतं.

'ते चित्र आहे का गं अजून?'

मी ते कपाटात, लाइटच्या बिलांच्या फाइलमध्ये ठेवलं होतं. बाहेर काढलं तेव्हा दिसलं की घडी नेमकी लाल फुलावरून गेली होती आणि तिथली शाई उडून पांढरी रेघ उमटली होती. दुसरी प्रिंट काढून देते, मी म्हटलं. 'नको, हेच चालेल,' असं म्हणून त्यांनी कागद त्याच घड्यांवर मिटला आणि रिद्याच्या आत धरला.

'सून आत्ता एकटी आहे घरी,' त्या म्हणाल्या. आणि लिफ्टची वाट न बघता, कठड्याला धरून, जिना चढू लागल्या.